झोळीवरचं छप्पर: नागपूरकडच्या पावसासाठी टार्प निवडताना

उमरेड रोडवर आमच्या ओळखीच्यांचं शेत आहे. बांधावर दोन जुने आंबे, मधे पंधरा फुटांचं अंतर. हॅमॉक, म्हणजे झोळी, टांगायलाच कुणी लावून ठेवलेत असं वाटावं. जुलैतल्या एका शनिवारी मी आणि माझा आतेभाऊ तिथं मुक्कामाला गेलो. माझ्याकडं झोळीवर पावसाला आडोसा म्हणून ताणायचं कापड, म्हणजे नवाकोरा टार्प होता, ३ बाय ३ मीटरचा, घडी केली की पोळ्यांच्या डब्यात मावेल एवढा. खाली उभं राहता यावं, चहा करता यावा म्हणून मी तो सात फुटांवर मस्त ताणून बांधला. संध्याकाळी बैल घेऊन परतणारा सालदार थांबला, वर पाहिलं आणि म्हणाला, "ताई, एवढ्याशा फडक्यानं काय होते? इकडं पाणी आडवं येते."

रात्री दीडला ते आडवं आलं. पाच मिनिटांत पायांकडची चादर ओली, दहाव्या मिनिटाला पोटऱ्या गार. टार्प फाटला नाही, गळलाही नाही. वरून एक थेंब आला नाही. सगळं पाणी आलं ते पायांकडच्या उघड्या तोंडातून. उरलेली रात्र आम्ही कोठ्यात कुटाराच्या पोत्यांवर काढली. शेजारी बैल रवंथ करत होते आणि आतेभाऊ माझ्याशी बोलत नव्हता.

त्यानंतर कागद-पेन्सिल घेऊन बसले तेव्हा कळलं, चूक कापडाची नव्हती, मापाची होती. टार्प म्हणजे शेवटी छप्पर. आजोळच्या कौलारू घराचे सगळे शब्द त्याला लागू पडतात. मधल्या दोरीवरचा उंचवटा ते आढं, दोन्ही अंगांना उतरतात ती पाखी, खालची कड ती वळचण, आणि तिथून गळतात त्या पागोळ्या. घर बांधणारा आधी ठरवतो की छप्पर भिंतीच्या किती बाहेर काढायचं. कौलं कुठली घ्यायची हा प्रश्न नंतरचा. टार्प घेताना आपण बरोबर उलटं करतो: आधी कापड, मग वजन, मग रंग, आणि माप सगळ्यात शेवटी.

आधी झोळी मोजा

दोन्ही टोकांना चुण्या पडलेली साधी झोळी बहुतेक १० किंवा ११ फुटांची असते. पण हे झालं कापडाचं माप. टांगल्यावर ती पोटात खाली येते आणि दोन टोकांतलं सरळ अंतर कमी होतं. टांगण्याच्या पट्ट्या आडव्या रेषेशी साधारण ३० अंशांत ठेवल्या, तर हे अंतर कापडाच्या लांबीच्या ८३ टक्क्यांच्या आसपास राहतं. म्हणजे ११ फुटी झोळीची टोकं ९ फूट १ इंचावर येतात, आणि १० फुटी झोळीची सव्वाआठ फुटांवर. काही झोळ्यांना टोकापासून टोकापर्यंत कायमची दोरी असते, तिथं तीच मोजावी. नसेल तर झोळी टांगा, कुणाला तरी आत बसवा आणि टेप लावा. टार्पची लांबी ठरवायची ती या आकड्यावरून.

लांबी: पाऊस किती तिरपा येतो?

'दोन्ही टोकांना सहा-सहा इंच जास्त ठेवा' हा सल्ला सगळीकडं मिळतो. श्रावणातल्या रिमझिमीला तो पुरतो. मृगाच्या वावटळीला पुरत नाही.

पावसाचा मोठा थेंब सेकंदाला साधारण ९ मीटर वेगानं खाली येतो. वाराही तेवढाच झाला, म्हणजे ताशी ३२ किलोमीटर, की तो थेंब ४५ अंशांत तिरपा होतो. आपल्याकडं ढग गडगडायला लागल्यावर पहिली झोत येते ती सहज एवढी असते. आणि ४५ अंशांचा हिशोब सोपा आहे: आढं झोळीच्या टोकापासून जितकं वर, तितकंच पाणी आत येणार.

आता माझी ती रात्र बघा. बूड जमिनीपासून दीड फुटावर ठेवलेल्या झोळीचं टोक साधारण चार फुटांवर येतं. माझं आढं होतं सात फुटांवर. फरक तीन फुटांचा. ३ मीटर म्हणजे ९ फूट १० इंच, म्हणजे माझ्या ११ फुटी झोळीच्या प्रत्येक टोकाबाहेर छप्पर होतं जेमतेम साडेचार इंच. तीन फुटांतून साडेचार इंच वजा करा, उरलं अडीच फुटांच्या वर. पोटऱ्या नेमक्या तिथंच होत्या.

यातून दोन गोष्टी निघतात. एक फुकटची आहे: आढं खाली आणा. झोळीच्या टोकापासून फूटभर वर, जास्तीत जास्त. दुसरीला पैसे लागतात. ११ फुटी झोळीवर ११ फूट लांबीचा टार्प घेतला तर दोन्हीकडं साडेअकरा इंच सुटतात, म्हणजे फूटभर उंचीच्या आढ्याला काठावर पास. १२ फुटांचा घेतला तर सतरा इंचांच्या वर सुटतात, आणि तिथं मी निर्धास्त झोपते. झोळी १० फुटी असेल तर ११ फुटांचा टार्प तेच काम करतो. दुकानात ३ बाय ३ मीटरचा माल हमखास 'हॅमॉकसाठी' म्हणून दाखवतात. त्या मापाचा टार्प घेऊच नका असं नाही, पण मग आढ्याला त्याचा कर्ण धरावा लागतो. ते पुढं सांगते.

लांब टार्पची एक अडचण मात्र आहे, झाडं. १२ फुटांचं कापड १२ फुटांवरच्या झाडांत ताणता येत नाही, टोकं खोडाला टेकून चुरगळतात. निदान १४ फूट तरी हवेत. शेतातल्या सागवानाच्या लागवडीत झाडं बहुधा २-२ मीटरवर असतात. शेजारची दोन झाडं धरली तर जागा पुरत नाही, एक सोडून धरलं तर मधलं आडवं येतं. तिथं बुद्धिबळातला घोडा चालवायचा: दोन घरं पुढं, एक बाजूला. अंतर भरतं पावणेपंधरा फूट, आणि वाटेतली दोन झाडं दोन्ही अंगांना जवळजवळ तीन-तीन फुटांवर राहतात. पाखी त्या झाडांनाच बांधता येतात, खुंटीचा खर्च वाचतो.

रुंदी

इथं शाळेतला ३-४-५ चा त्रिकोण कामाला येतो. टार्पची रुंदी १० फूट, म्हणजे एकेक पाखं ५ फुटांचं. आढं ५ फुटांवर बांधलं आणि वळचण जमिनीपासून फूटभर वर ठेवली, तर पाखं ४ फूट खाली उतरतं आणि ३ फूट बाहेर जातं. दोन्हीकडं मिळून ६ फुटांची कोरडी पट्टी. झोळी, सॅक, बूट, आणि उठून बसल्यावर पाय टेकायला जागा, सगळं त्यात बसतं.

८ फुटी टार्पचं पाखं ४ फुटांचं. वळचण फुटावर आणली तर कापड भिंतीसारखं सरळ लोंबतं, बाहेर काहीच जात नाही. म्हणून वळचण दोन फुटांवर उचलावी लागते, तेव्हा कुठं अडीच फुटांच्या आसपास आडोसा मिळतो. कागदावर हा फरक किरकोळ दिसतो. पण तुमच्या झोळीचं बूड दीड फुटावर आहे आणि वळचण दोन फुटांवर, म्हणजे बाजूनं बूड उघडं. आपल्या काळ्या मातीवर पागोळी पडली की चिखल फूटभर उडतो. सकाळी झोळी बाहेरून चॉकलेटी झालेली असते आणि तो डाग सर्फनं निघत नाही.

पाणी किती पडतं तेही एकदा डोळ्यांसमोर आणा. २०२३ च्या २३ सप्टेंबरला पहाटे नागपुरात अंबाझरी तलाव ओसंडला आणि वस्त्यांमध्ये पाणी शिरलं, त्या वेळी काही तासांत १०० मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला होता. १ मिलिमीटर पाऊस म्हणजे दर चौरस मीटरला १ लिटर. १२ फूट लांब आणि ६ फूट पसरलेलं छप्पर पावणेसात चौरस मीटर जागा झाकतं. म्हणजे तशा रात्री त्यावरून पावणेसातशे लिटरच्या आसपास पाणी वाहून जाणार. पाखं सपाट ठेवलंत आणि त्यातले वीस लिटर जरी पोटात साचले, तरी वीस किलोंचा फुगा डोक्यावर लोंबतो. उतार हवा तो यासाठी.

आकार

बाजारात चार तऱ्हा दिसतात.

पहिला चौकोनी टार्प, कर्णावर टांगलेला, म्हणजे पतंगासारखा. ३ मीटरच्या चौकोनाचा कर्ण भरतो सुमारे १४ फूट, त्यामुळं आढ्याची लांबी भरपूर मिळते. पण टोकांकडं पाखं निमुळतं होत जातं. वारा समोरून किंवा बाजूनं असेल तोवर ठीक, कोपऱ्यातून वळला की पाणी आत. हिवाळ्यातल्या मुक्कामाला, अवकाळी शिंतोड्यांना चालेल.

दुसरा षट्कोनी. याच्या कडा आत वळणाऱ्या कमानीत कापलेल्या असतात. दोर सैल धरला की तो जसा झोल घेतो, तीच ती रेषा. त्यामुळं ताण कापडभर सारखा बसतो आणि कडा फडफडत नाहीत. हलका, देखणा, लावायला सोपा. मात्र कमानीत कापलेलं कापड म्हणजे तेवढं छप्पर कमी, हे विसरू नका. पेटीवर १२ बाय १० लिहिलेलं असतं ते सगळ्यात लांब जागांचं माप.

तिसरा सरळ आयताकृती. दिसायला ठोकळा, पण माझं मत यालाच. पडवी काढा, एक बाजू वर उचला, जमिनीवर अंथरा, स्कूटरवर टाका, काहीही करा.

चौथा म्हणजे दारं असलेला. आयतालाच टोकांशी जास्तीचं कापड असतं, ते आत ओढलं की दोन्ही तोंडं बंद. कोसळत्या पावसात याला तोड नाही. पण जून-जुलैत इथली हवा चिकट असते. दोन्ही दारं लावून झोपलात तर आतून घामानंच भिजाल. एक दार, वाऱ्याकडचं, तेवढं लावावं. गंमत अशी की साध्या आयताच्या लांब कडेला, कोपऱ्यापासून अडीच-तीन फुटांवर दोरी बांधायच्या कड्या असल्या, तर तोच कोपरा आत दुमडून दार करता येतो. म्हणून दुकानात कड्या मोजा. लांब कडेला निदान चार हव्यात.

कापड

नागपूरच्या इतवारी बाजारात 'टार्प' म्हटलं तर कुणी मान वर करत नाही, 'तिरपाल' म्हणा. निळ्या-पिवळ्या प्लॅस्टिकच्या ताडपत्र्या वजनावर, म्हणजे जीएसएमवर विकल्या जातात. जीएसएम म्हणजे एका चौरस मीटरचं वजन ग्रॅममध्ये. १२ बाय १० फुटांची ताडपत्री म्हणजे ११ चौरस मीटरच्या थोडं वर. १२० जीएसएमची घेतली तर १ किलो ३०० ग्रॅम, २०० ची घेतली तर सव्वादोन किलो. गाडीनं शेतावर जाणाऱ्याला हे वजन काहीच नाही, आणि पाणी ती चोख अडवते. पण ती कडक असते, वाऱ्यात रात्रभर तडतडते, आणि उन्हानं दोन उन्हाळ्यांत भुरभुरू लागते. छंद आपल्याला झेपतो का हे बघायला पहिली ताडपत्रीच घ्या. मापं चुकली तर कमी पैशांत चुकतील.

त्याच्या वरची पायरी म्हणजे पीयू (पॉलियुरेथेन) लेपाचं पॉलिएस्टर. तयार टार्प बहुतेक याचेच मिळतात. शिवणींवर कारखान्यातच पट्टी चिकटवलेली असते, त्यामुळं आणल्या दिवशी वापरता येतात. यांचा वैरी पाऊस नाही, आपला माळा आहे. पीयूचा लेप ओल आणि उष्णता एकत्र मिळाली की हळूहळू विघटत जातो, चिकट होतो, आंबूस वास मारतो. सप्टेंबरात दमट घडी करून स्लॅबखालच्या माळ्यावर टाकलेला टार्प पुढचा मे तिथंच काढतो, आणि जूनमध्ये उघडायला जावं तर घड्या एकमेकींना चिकटलेल्या. माझा एक असाच गेला.

सिलिकॉन भिनवलेलं कापड असं चिकटत नाही. त्यात दोन जाती. सिलनायलॉन चिवट असतं, पण नायलॉन पाणी पितं आणि ओलं झालं की लांबतं. संध्याकाळी ढोलकीसारखा ताणलेला टार्प मध्यरात्री झोळ खातो, उठून दोऱ्या ओढाव्या लागतात. सिलपॉली, म्हणजे पॉलिएस्टरवर सिलिकॉन, पाणी जवळजवळ पीत नाही, ताण टिकवतं, उन्हालाही जास्त सोसतं. आपल्या चार महिन्यांसाठी माझी पसंती हीच. १२ बाय १० चा सिलपॉली टार्प साधारण अर्धा ते पाऊण किलोचा होतो, म्हणजे ताडपत्रीच्या निम्म्याच्या आसपास. डायनिमा नावाच्या महागड्या धाग्याचे याहूनही हलके टार्प असतात. त्या पैशांत झोळी, टार्प आणि एक सावजी जेवण चौघांना होईल, एवढंच सांगते.

पेटीवर १५००, २०००, ३००० मिलिमीटर असे आकडे असतात. कापडावर पाण्याचा उभा स्तंभ ठेवला तर किती उंचीला ते झिरपू लागेल, त्याचं ते माप. डोक्यावर उतारात ताणलेल्या छपराला १५०० ते २००० पुरे. तंबूच्या तळाला जास्त लागतं, कारण तिथं आपण गुडघे टेकतो. ५००० चा आकडा बघून जास्त पैसे मोजू नका. आणि जोराच्या सरीत चेहऱ्यावर बारीक तुषार आले तर लगेच कापडाला बोल लावू नका. बऱ्याचदा ती आतल्या बाजूला धरलेली वाफ असते, थेंबांच्या माऱ्यानं झटकली जाते.

सिलिकॉनच्या कापडावर कारखान्याची पट्टी चिकटत नाही, त्यामुळं मधे शिवण असेल तर ती आपण भरायची. हार्डवेअरच्या दुकानातलं पारदर्शक सिलिकॉन आणि मिनरल टर्पेंटाइन पातळ लापशीएवढं कालवा, जुन्या ब्रशनं शिवणीवर चोळा, रात्रभर वाळू द्या. हे काम गच्चीवर, उघड्या हवेत करा, आणि ऊन उतरल्यावर. दुपारी हात लावाल तर ब्रश फिरायच्या आत मिश्रण आटतं.

कड्या, दोऱ्या आणि काळी माती

स्वस्त ताडपत्रीच्या पितळी रिंगा पहिल्या वादळात उपटून येतात. इलाज जुना आहे: कडेपासून चार इंच आत, कापडाच्या खालून लिंबाएवढा गुळगुळीत खडा धरायचा, वरून कापड त्याच्याभोवती गोळा करायचं आणि मानेला दोरी आवळायची. ताण सगळ्या कापडावर वाटला जातो. मधल्या पाखाला बाहेर खेचायचं असेल तरी हीच युक्ती.

दोऱ्या पॉलिएस्टरच्या, २ ते ३ मिलिमीटर जाडीच्या. आढ्याला ३० फूट, बाकी प्रत्येक कडीला ७-८ फूट. नायलॉनची दोरीही ओली झाली की लांबते. प्रत्येक दोरीत सायकलच्या जुन्या ट्यूबचं एक वेटोळं अडकवा. झोत आली की रबर ताणतं, गेली की परत ओढून घेतं, कडी वाचते. पंक्चरवाला असे तुकडे फुकट देतो.

गाठी दोनच शिका. एक सरकगाठ, आणि दुसरी ट्रकवाल्यांची. कळमन्याच्या बाजारात धान्याच्या ट्रकवर तिरपाल बांधणाऱ्या क्लीनरचे हात एकदा पाहा. दोरीच्या मध्यावर तो बोटांनी एक फास फिरवतो, सैल टोक खालच्या हुकाला वळसा घालून त्या फासातून वर घेतो, आणि अंग टाकून खाली ओढतो. फास कप्पीचं काम करतो. मग ओढ सुटू नये म्हणून तिथंच चिमटीत धरून दोन अर्ध्या गाठी. सगळं मिळून पाच सेकंद. मला ती गाठ जमायला रविवारची अख्खी सकाळ गेली. आढं ताणायला तिच्यासारखी दुसरी नाही.

खुंट्यांचं गाऱ्हाणं मात्र खास आपल्याकडचं. टार्पसोबत ज्या बारीक तारेच्या खुंट्या येतात, त्या काळ्या मातीत फुकट आहेत. उन्हाळ्यात ही माती दगड होते, तार वाकते. पावसात ती फुगते, लोण्यासारखी मऊ होते आणि तार सुळकन बाहेर. माझा एक कोपरा रात्रीतून तीनदा सुटला तेव्हा मी बाजारची खुंटी सोडली. आता बांबूच्या ठोकते: दीड फूट लांब, दोन बोटं रुंद फाक, एका टोकाला तिरपा छाट, दुसऱ्या टोकाखाली दोरी अडकायला खाच. दोरीच्या उलट बाजूला कलती करून दोन तृतीयांश जमिनीत. वर एक जड दगड. धातूच्याच हव्या असतील तर नऊ-दहा इंची, इंग्रजी वाय आकाराच्या घ्या. रामटेककडं मात्र मुरमाड, खडकाळ जमीन लागते, तिथं बांबू चिरतो. तिथं झुडपाच्या बुडख्याला नाहीतर मोठ्या धोंड्यालाच दोरी बांधलेली बरी.

घरी, गच्चीवर

नवा टार्प थेट शेतावर नेऊ नका. टाकीचा लोखंडी स्टँड आणि जिन्याच्या कठड्याचा खांब यांच्यामध्ये आढं बांधा, खाली जुनी सतरंजी पसरा, आणि बागेचा पाइप अंगठ्यानं दाबून आधी वरून, मग तिरपं, मग टोकांकडून पाणी मारा. दहा मिनिटं. सतरंजीवर ओलं कुठं उमटलं ते खडूनं आखा. शिवण गळते की तोंड उघडं आहे हे तिथंच कळतं. शेजारच्या काकू विचारतील, "काहून गं, घरात गळते का?" विचारू द्या.

याच वेळी टांगण्याच्या पट्टीकडंही लक्ष द्या. पाणी झाडाच्या खोडावरून पट्टीवर येतं आणि पट्टी धरून सरळ झोळीत उतरतं. छप्पर कितीही चांगलं असो, या वाटेनं पाठ भिजतेच. टार्पच्या आत, झोळीच्या टोकाआधी वीतभर, पट्टीला सुती नाडीचा एक तुकडा बांधून लोंबता सोडा. पाणी तिच्यावरून खाली गळून जातं. पट्ट्या निदान इंचभर रुंद, पॉलिएस्टरच्या. नायलॉनची पट्टी ओली झाली की लांबते आणि पहाटे बूड जमिनीला लागलेलं असतं.

जागा आणि वीज

मोसमी वारा आपल्याकडं बहुतेक पश्चिमेच्या अंगानं येतो. आढं त्याला आडवं ठेवा, म्हणजे वारा पाखावर येईल, तोंडात शिरणार नाही. वाऱ्याकडची वळचण जमिनीला टेकेल इतकी खाली, दुसरी उचलून दोन काठ्यांवर पडवीसारखी. गडगडाटी पावसात मात्र वारा कुठूनही फिरतो, म्हणून पडवी झोपण्याआधी उतरवायची.

झाड निवडताना वर बघा. वाळकी फांदी असेल तर पुढं चला. गुलमोहर आणि शेवगा ठिसूळ, त्यांच्या वाटेला जाऊ नका. संत्र्याच्या झाडाचा तर विचारच नको, मालक हाकलेल ते वेगळं. आंबा, चिंच, कडुनिंब, मांडीएवढ्या खोडाचं सागवान, हे चांगले. नाल्याचा काठ टाळा. आणि पेंच, उमरेड-कऱ्हांडला, ताडोबा या बाजूंच्या राखीव जंगलात परवानगीशिवाय झोळी टांगणं कायद्यानं गुन्हा आहे. वाघाला टार्पचं माप विचारण्याची हौस असली तरी नको. शेत, ओळखीचं फार्महाऊस, परवानगीची कॅम्पसाइट, एवढंच.

विजेपुढं टार्प काहीच नाही. उलट आपण दोन झाडांना बांधलेले असतो. पुण्याच्या आयआयटीएमनं केलेलं दामिनी ॲप फोनवर ठेवा, आसपास वीज पडत असेल तर ते इशारा देतं. नेटवर्क नसेल तर लखलखाट ते गडगडाट सेकंद मोजा. तीन सेकंदांना साधारण एक किलोमीटर. तीसच्या आत आकडा आला की झोळीतून उतरायचं आणि पक्क्या घरात नाहीतर पत्र्याच्या बंद गाडीत जाऊन बसायचं. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास तिथंच. म्हणून मुक्कामाची जागा गाडीपासून किंवा घरापासून पळत दोन मिनिटांच्या आत असावी, हा आमच्या घरी आईनं घालून दिलेला नियम आहे.

उतरवताना

सकाळी ओला टार्प कोंबून आणावाच लागतो, त्याला इलाज नाही. पण घरी आल्यावर त्याच दिवशी उघडा. गच्चीवर सावलीत, दोन्ही बाजूंनी वाळवा. चिखल ओल्या फडक्यानं पुसा, साबण नको. पितळी रिंगांजवळची दुमडलेली कड सगळ्यात शेवटी वाळते, ती बोटांनी चाचपून बघा. घडी घालू नका, पिशवीत नुसता भरा, म्हणजे लेपाला एकाच रेषेत चीर पडत नाही. आणि पिशवी माळ्यावर टाकू नका, खालच्या खोलीत, कपाटाच्या तळाशी ठेवा. मी माझी कूलरच्या कव्हरशेजारी ठेवते. जूनमध्ये कूलर बंद होऊन कव्हर बाहेर निघालं की पिशवीही हाताला लागते.